विश्लेषण : हंगाम अर्ध्यावर, संघ खड्ड्यात आणि वाद जर्सीचा! अमेरिकी कॉलेज फुटबॉलचे चाहते कपड्यांवरून का भांडतात?

पंधरा दिवसांत तीन पराभव, प्रशिक्षकाची हकालपट्टी आणि त्याच हंगामात जर्सी बनवणारी कंपनी बदलण्याचा निर्णय. पेन स्टेट विद्यापीठाच्या निमित्ताने अमेरिकेतला एक जुना वाद पुन्हा पेटला. हा वाद वरवर रंग आणि पट्ट्यांचा दिसतो. पण तो तेवढाच आहे का?

११ ऑक्टोबर २०२५. पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज या गावात पेन स्टेटचा संघ घरच्या मैदानावर नॉर्थवेस्टर्नकडून २२-२१ असा हरला. माजी विद्यार्थी वर्षातून एकदा आवर्जून परततात, असा तो 'होमकमिंग'चा शनिवार. दुसऱ्याच दिवशी, रविवारी, प्रशिक्षक जेम्स फ्रँकलिन यांना घरचा रस्ता दाखवण्यात आला. ते या संघाचे बारावे वर्ष पाहत होते.

हंगामाआधीच्या क्रमवारीत हा संघ देशात दुसरा होता. त्याआधीच्या वर्षी तो राष्ट्रीय उपांत्य फेरीपर्यंत गेला होता. पण २७ सप्टेंबरला ऑरेगॉनने त्यांना दुहेरी जादा वेळेत ३०-२४ असे हरवले. पुढच्या शनिवारी तोवर एकही सामना न जिंकलेल्या यूसीएलएने ४२-३७ अशी धूळ चारली आणि मग नॉर्थवेस्टर्न. सहा सामन्यांत तीन विजय, तीन पराभव. विजेतेपदाची स्वप्ने ऑक्टोबरच्या मध्यावरच संपली.

त्याच शरद ऋतूत आणखी एक बातमी आली होती. तीन दशकांहून अधिक काळ पेन स्टेटला कपडे पुरवणारी नायकी जाणार आणि २०२६ पासून आदिदास येणार. म्हणजे जगातला सर्वात साधा म्हणून मिरवला जाणारा पोशाख आता तीन पट्ट्यांची खूण असलेल्या कंपनीच्या हाती. एकीकडे 'नवा प्रशिक्षक कोण' आणि दुसरीकडे 'बाहीवर पट्टे येणार का' अशा दोन्ही चर्चा एकाच वेळी, सारख्याच तावातावाने सुरू झाल्या. बाहेरच्या माणसाला यातली दुसरी चर्चा पोरकट वाटेल. मला ती तशी वाटत नाही. का, ते सांगण्यासाठीच हा लेख. पण आधी थोडी पूर्वपीठिका.

हा फुटबॉल नेमका कोणता?

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पेठापेठांत रंगतो तो नव्हे. हा लंबगोल चेंडूचा, हेल्मेट आणि खांद्यावरच्या जाड पॅडचा अमेरिकी खेळ. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे, नाहीतर चेंडू समोरच्याकडे. विद्यापीठांच्या सर्वोच्च विभागात सुमारे १३५ संघ आहेत. ऑगस्टच्या अखेरीस हंगाम सुरू होतो आणि नोव्हेंबर संपता संपता प्रत्येकाचे १२ साखळी सामने झालेले असतात. बहुतेक सामने शनिवारी.

कॉलेजचा खेळ म्हणून आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा डोळ्यांसमोर आणू नका. पेन स्टेटच्या बीव्हर स्टेडियमची क्षमता एक लाख सहा हजारांच्या पुढे आहे. आपले वानखेडे तेहतीस हजारांचे. स्टेट कॉलेज गावाची लोकसंख्या चाळीस हजारांच्या आसपास, म्हणजे सामन्याच्या दिवशी गावाच्या अडीचपट माणसे एका मैदानात बसतात. या मैदानाच्या नूतनीकरणासाठी विद्यापीठाने ७० कोटी डॉलरचा प्रकल्प हाती घेतला आहे.

अर्ध्या हंगामाचा एवढा धसका का?

सामने मुळात बाराच. आयपीएलमध्ये चौदा साखळी सामन्यांतले सहा हरूनही संघ बाद फेरीत गेल्याचे आपण पाहतो. इथे तशी चैन नाही. पूर्वी तर एक पराभवही विजेतेपदाच्या गणितातून बाहेर काढायला पुरे होई. २०१४ मध्ये चार संघांची बाद फेरी आली आणि २०२४ पासून ती बारा संघांची झाली. आता दोन पराभव पचतात. तिसरा घशात अडकतो.

शिवाय ऑक्टोबरमध्ये प्रशिक्षक काढण्यामागे एक व्यवहारही आहे, जो रागाच्या भरात दिसत नाही. शाळेतून येणारे नवे खेळाडू डिसेंबरच्या सुरुवातीला करारावर सह्या करतात. त्यानंतर लगेच जानेवारीत, असलेल्या खेळाडूंना दुसऱ्या विद्यापीठात जाण्याची खिडकी उघडते. त्याआधी नवा प्रशिक्षक खुर्चीत बसलेला हवा असेल, तर शोध ऑक्टोबरमध्येच सुरू करावा लागतो. त्यामुळे 'हंगाम संपेपर्यंत थांबू' हे वाक्य आता परवडत नाही. २०२५ मध्ये यूसीएलए आणि व्हर्जिनिया टेकने सप्टेंबरमध्येच प्रशिक्षक काढले. फ्लोरिडाने १९ ऑक्टोबरला बिली नेपियर यांना निरोप दिला. लुइझियाना स्टेट म्हणजे एलएसयूने २६ ऑक्टोबरला ब्रायन केली यांना.

निरोप फुकट मिळत नाही. करार मोडल्याबद्दल केली यांना द्यायची रक्कम पाच कोटी डॉलरच्या पुढे जात होती आणि त्यावर थेट राज्याचे गव्हर्नर जाहीरपणे बोलले. फ्रँकलिन यांच्या करारातली रक्कम पाच कोटींच्या जवळ होती. महिन्याभरात त्यांना व्हर्जिनिया टेकने नेमले आणि तडजोड होऊन पेन स्टेटचा बोजा नव्वद लाखांवर आला, हे त्यांचे नशीब. २०२३ मध्ये टेक्सस ए अँड एमने जिंबो फिशर यांना काढले तेव्हा हा आकडा साडेसात कोटी डॉलरच्या वर होता. एका माणसाला काम न करण्यासाठी!

आता विचार करा. ज्या चाहत्याने आयुष्यभर तिकिटे काढली, देणग्या दिल्या, त्याला या कोणत्याही निर्णयात कुणी विचारले का? प्रशिक्षक नेमताना नाही, दहा वर्षांचा करार देताना नाही, तो मोडतानाही नाही. मग तो भांडतो कशावर? जे त्याच्याही कपाटात टांगलेले आहे, त्यावर.

पेन स्टेटची जर्सी एवढी पवित्र का?

गडद निळी जर्सी, पांढरी पँट, पांढरे हेल्मेट आणि त्यावर मधोमध एकच निळी रेघ. हेल्मेटवर बोधचिन्ह नाही. पाठीवर खेळाडूचे नाव नाही. काळे बूट. बस्स. जो पॅटर्नो यांनी १९६६ ते २०११ अशी साडेचार दशके हा संघ सांभाळला. 'नाव मागे नाही, कारण संघ पुढे' हे त्या साधेपणाचे तत्त्वज्ञान होऊन बसले.

गंमत म्हणजे हा रंगही मूळचा नाही. १८८०च्या दशकात विद्यार्थ्यांनी निवडलेले रंग गुलाबी आणि काळा होते. उन्हाने आणि धुण्याने गुलाबी उडून पांढरा झाला, असे सांगतात. १८९० मध्ये निळा-पांढरा ठरला. परंपरा म्हणून आपण ज्याला हात जोडतो, ते कधी कधी कच्च्या रंगाचे कापड असते.

पण २०११-१२ मध्ये जे घडले ते गमतीचे नव्हते. जेरी सँडस्की या माजी सहायक प्रशिक्षकाने केलेल्या बाल लैंगिक अत्याचारांचे प्रकरण उघडकीस आले, पॅटर्नो यांना पद सोडावे लागले आणि जुलै २०१२ मध्ये संघावर कठोर निर्बंध आले. खेळाडूंना मुभा देण्यात आली की वाटल्यास ताबडतोब दुसऱ्या विद्यापीठात जा, एक वर्ष बाहेर बसायची अट नाही. काही गेले. बरेच थांबले. नवे प्रशिक्षक बिल ओब्रायन यांनी तेव्हा एक गोष्ट केली. संघाच्या सव्वाशे वर्षांच्या इतिहासात प्रथमच जर्सीवर नावे आली. जे थांबले, ते कोण आहेत हे लोकांना कळू दे, एवढाच हेतू.

जुन्या चाहत्यांपैकी काहींना तो परंपरेचा भंग वाटला. काहींना परंपरेच्या मागे जे लपवले गेले त्याच्यापुढे चार अक्षरांचे नाव किरकोळ वाटले. २०१५ मध्ये फ्रँकलिन यांनी नावे पुन्हा काढली आणि साधेपणा परतला. साधेपणा परत आणणारा तोच माणूस दहा वर्षांनी ऑक्टोबरच्या एका रविवारी गेला.

एका कपड्यात एवढे साठलेले असते. म्हणून 'अहो, जर्सीच तर आहे' हे वाक्य मला आवडत नाही.

जर्सी बदलली की नशीब बदलते का?

या प्रश्नाचे उत्तर चाहत्यांच्या मनात १९७७ मध्येच पक्के झाले. इंडियानातल्या नोत्र दाम विद्यापीठाने त्या वर्षी दुसराच सामना मिसिसिपीकडून २०-१३ असा गमावला होता. २२ ऑक्टोबरला, म्हणजे ऐन हंगामाच्या मध्यावर, यूएससीसारखा तगडा प्रतिस्पर्धी आला. संघाने सराव केला तो नेहमीच्या निळ्या जर्सीत. सामन्यासाठी मैदानात आला तेव्हा अंगात हिरवी! सोबत लाकडी ट्रोजन घोडा. मैदान वेडे झाले. क्वार्टरबॅक जो मोंटाना होता. ४९-१९ असा विजय मिळाला आणि त्या वर्षी नोत्र दाम राष्ट्रीय विजेता ठरला.

त्या दिवसापासून हिरवा रंग म्हणजे तोडगा झाला. पण तोडग्याचे पुढे काय झाले पाहा. २००२ मध्ये नोत्र दाम आठपैकी आठ जिंकून आलेला होता. बोस्टन कॉलेजविरुद्ध हिरवी घातली आणि १४-७ असा हरला. २००५ मध्ये यूएससीविरुद्ध हिरवी, शेवटच्या क्षणी ३४-३१ असा पराभव. २००७ मध्ये पुन्हा यूएससी, पुन्हा हिरवी, ३८-०. एकही गुण नाही! १९७७ची आठवण सांगणारे २००७ची सांगत नाहीत. आपल्याकडे नवसाला पावलेल्याच गोष्टी कानावर येतात, तसेच.

जॉर्जियाच्या काळ्या जर्सीची कथा याहून बोचरी आहे. २००७ मध्ये ६ ऑक्टोबरला टेनेसीने त्यांना ३५-१४ असे धुतले. तिथून संघ सावरला. नोव्हेंबरमध्ये ऑबर्नविरुद्ध प्रेक्षकांना काळे घालून या असे सांगितले गेले, खेळाडूंनी सराव लाल जर्सीत केला आणि ऐन वेळी काळ्या जर्सीत बाहेर आले. ४५-२० असा विजय. हंगाम संपला तेव्हा जॉर्जिया देशात दुसरा होता. साहजिकच पुढच्या वर्षी २७ सप्टेंबरला अलाबामाविरुद्ध पुन्हा काळे. त्या आठवड्यात अलाबामाच्या एका प्रशिक्षकाचे शेलके उद्गार कॅमेऱ्यात टिपले गेले होते. आशय असा, की ते काळे घालणार कारण ते अंत्ययात्रेला निघालेत. मध्यंतराला धावफलक होता अलाबामा ३१, जॉर्जिया ०. सामना ४१-३० असा गेला. २००९ मध्ये फ्लोरिडाविरुद्ध काळे हेल्मेट घालून पाहिले, तिथेही ४१-१७. काळा रंग मग कित्येक वर्षे कपाटात गेला.

आणि २०१७ चा फ्लोरिडा. केशरी-निळ्या रंगांच्या या संघाने १४ ऑक्टोबरला टेक्सस ए अँड एमविरुद्ध मगरीच्या कातडीसारखी नक्षी असलेला, शेवाळी हिरवा पोशाख घातला. आदल्या आठवड्यात ते एलएसयूकडून एका गुणाने हरले होते. या सामन्यात दोन गुणांनी हरले, १९-१७. मग जॉर्जियाने ४२-७ असे चिरडले आणि २९ ऑक्टोबरला प्रशिक्षक जिम मॅकलवेन यांच्याशी विद्यापीठाने फारकत घेतली. त्या काळाविषयी फ्लोरिडाच्या चाहत्याला आजही विचारलेत, तर तो संघाच्या आक्रमणातल्या त्रुटी सांगेलच, पण मगरीचा पोशाख आधी सांगेल.

इथे मात्र चाहत्यांना एक गोष्ट सांगायला हवी. असे विशेष पोशाख सामन्याच्या आठवड्यात ठरत नाहीत. कंपनी आणि विद्यापीठ ते कित्येक महिने आधी आखतात, शिवून घेतात, दुकानांत माल पाठवण्याची तयारी करतात. 'संघ हरतोय आणि यांना फॅशन सुचतेय' हा आरोप म्हणूनच अन्यायाचा असतो. फॅशन तेव्हा सुचलेली असते, जेव्हा सगळे जिंकत होते. आमंत्रणपत्रिका छापून झाल्यावर घरात आजारपण यावे, तसे ते होते.

मेरीलँडचे उदाहरणही याच जातीचे. २०११ मध्ये राज्याच्या झेंड्याची नक्षी अंगभर, हेल्मेटचे दोन अर्धे दोन तऱ्हांचे. अंडर आर्मर कंपनीचे संस्थापक केविन प्लँक याच विद्यापीठाचे, त्यामुळे हात सैल. पहिल्या सामन्यात मायामीला ३२-२४ असे हरवले आणि देशभर पोशाखाचीच चर्चा. हंगाम संपला तेव्हा विजय दोन, पराभव दहा. पोशाख आजही लोकांना आठवतो. तो हंगाम आठवतो का कुणाला?

विज्ञान काय सांगते?

थोडेसे. २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये बॉक्सिंग, तायक्वांदो आणि कुस्तीत लाल किंवा निळा पोशाख चिठ्ठीने मिळत होता. ब्रिटनच्या दोन संशोधकांनी निकाल तपासले तेव्हा लाल घातलेले सुमारे ५५ टक्के लढतींत जिंकलेले आढळले. हा अभ्यास २००५ मध्ये 'नेचर'मध्ये आला आणि गाजला. पण तो दोन माणसांच्या झुंजीचा होता. एका बाजूला अकरा, राखीव धरून शंभरावर खेळाडू, अशा खेळात रंगाचे श्रेय किती, हे कुणी छातीठोकपणे सांगू नये.

आपणही यातले नवखे नाही. २०१९ च्या विश्वचषकात भारत इंग्लंडविरुद्ध निळ्याऐवजी भगव्या-निळ्या जर्सीत उतरला आणि ३१ धावांनी हरला. साखळीतला तो एकमेव पराभव. लगेच जर्सीवर खापर फुटले, राजकारण्यांनीही त्यात हात धुऊन घेतले. ती जर्सी पुन्हा दिसली नाही.

ऑरेगॉनने मग उलटे काय केले?

साध्या पोशाखाचे टोक पेन स्टेट, तर दुसरे टोक ऑरेगॉन. नायकीचे सहसंस्थापक फिल नाइट याच विद्यापीठात धावत होते, १९५९चे पदवीधर. १ जानेवारी १९९६ रोजी कॉटन बाउलमध्ये कोलोरॅडोने ऑरेगॉनला ३८-६ असे लोळवले. त्यानंतर नाइट यांनी तिजोरी उघडली. पैसा सुविधांवर गेला आणि पोशाखांवरही. १९९९ मध्ये नवे बोधचिन्ह आले. पुढे हिरवा, पिवळा, काळा, रुपेरी, पंखांची नक्षी असे इतके हेल्मेट-जर्सी-पँट एकत्र आले की प्रत्येक आठवड्याला आज काय घालणार, हीच बातमी होऊ लागली.

जुन्या पिढीने नाके मुरडली. पण सतरा वर्षांच्या खेळाडूला ते आवडले, आणि खेळाडू मिळवणे हाच तर अर्धा खेळ. कुठल्याशा कोपऱ्यातले विद्यापीठ देशातल्या पहिल्या फळीत आले. कपड्यांमुळे? कपड्यांच्या मागच्या पैशांमुळे. कपडे ही त्या पैशांची जाहिरात होती.

परंपरावाद्यांना एक दिलासा मात्र आहे. जानेवारी २०११ मध्ये ऑबर्नकडून २२-१९, जानेवारी २०१५ मध्ये ओहायो स्टेटकडून ४२-२०, असे दोन अंतिम सामने ऑरेगॉनने गमावले. २०२४ मध्ये अपराजित राहून बिग टेनचे विजेतेपद घेतले, तेही पेन स्टेटला हरवून, आणि नंतर रोझ बाउलमध्ये पुन्हा ओहायो स्टेटने ४१-२१ असे बाद केले. ओहायो स्टेटचे हेल्मेट वर्षानुवर्षे रुपेरीच. फुटबॉलमधले राष्ट्रीय विजेतेपद ऑरेगॉनच्या कपाटात अजून नाही. पोशाख मात्र मावत नाहीत.

बिननावाच्या जर्सीची दुसरी बाजू

आता माझे खरे म्हणणे.

'पाठीवर नाव नको, संघ मोठा' हे ऐकायला छान आहे. पण अमेरिकी कॉलेज फुटबॉलमध्ये बिननावाची जर्सी हा बराच काळ सोयीचा व्यवहारही होता. खेळाडू हौशी, त्याला पगार नाही. दुकानात जर्सी विकायची ती फक्त क्रमांकाची. नाव नसल्यामुळे ती 'त्याची' नाही, मग त्याला पैसे देण्याचा प्रश्नच नाही. पण गावातल्या पोरालाही ठाऊक, की यंदा तो क्रमांक कुणाचा आहे.

ऑगस्ट २०१३ मध्ये जे बिलास या क्रीडा विश्लेषकाने या सोंगाचा मुखवटा काढला. खेळाचे नियमन करणाऱ्या एनसीएएच्या ऑनलाइन दुकानात त्याने शोधाच्या चौकटीत नामांकित खेळाडूंची नावे टाकून पाहिली. प्रत्येक नावाला अचूक त्या खेळाडूच्या क्रमांकाची जर्सी समोर आली. जर्सीवर नाव नव्हते, दुकानाच्या यंत्रणेत मात्र होते. एनसीएएने ती विक्री बंद केली.

जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमाईची मुभा मिळाली. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठे खेळाडूंना थेट वाटा देऊ लागली. पहिल्या वर्षाची मर्यादा प्रत्येक विद्यापीठामागे सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर. हा पैसा कुठून आणायचा? दूरचित्रवाणीचे हक्क, देणगीदार आणि कपड्यांच्या कंपन्या. पेन स्टेट नायकीकडून आदिदासकडे का गेले, याचे उत्तर भावनेत नाही, या ताळेबंदात आहे. टेनेसीनेही २०२६ पासून तीच वाट धरली आहे. कंपनी पैसे देते, मग तिला विकायला नवा माल लागतो. त्यासाठी नवा पोशाख, नवा हेल्मेट, नवा 'खास' शनिवार. चाहता ज्याला परंपरेवरचा घाला म्हणतो, त्यातला काही भाग त्याच्याच लाडक्या खेळाडूच्या मोबदल्यात जातो.

त्यामुळे या भांडणात मी पूर्णपणे परंपरावाद्यांच्या बाजूला उभा राहू शकत नाही. साधी जर्सी मला आवडते. दूरवरूनही क्रमांक वाचता येतो, एवढ्यासाठीसुद्धा आवडते. राखाडीवर राखाडी छापण्याचे प्रताप इतके वाढले होते, की २०१३ मध्ये क्रमांकाचा रंग जर्सीपासून स्पष्ट वेगळा हवा असा नियम करावा लागला. पण जी साधेपणाची पूजा एकोणीस वर्षांच्या पोराच्या श्रमावर फुकट उभी होती, तिच्यासाठी मी गळा काढणार नाही.

दुसरीकडे चाहत्याचे दुःखही खोटे नाही. गेल्या पाच वर्षांत त्याच्या पायाखालचे काय काय सरकले, ते पाहा. खेळाडू दर वर्षी विद्यापीठ बदलतात. प्रशिक्षक ऑक्टोबरमध्ये जातो. शंभर वर्षांची पॅसिफिक किनाऱ्यावरची परिषद मोडली आणि ऑरेगॉन, वॉशिंग्टन, यूएससी, यूसीएलए २०२४ पासून मध्य-पश्चिमेच्या बिग टेनमध्ये गेले. लॉस एंजलिसचा संघ आता साखळी सामन्यासाठी न्यू जर्सीच्या संघाशी झुंजतो. शेजारच्या गावाशी असलेले वैर वेळापत्रकात राहिले नाही. उरले काय? निळी जर्सी, पांढरे हेल्मेट, एक रेघ. जे शेवटचे उरले आहे त्याला माणूस घट्ट धरतो, त्यात हसण्यासारखे काही नाही.

माझी तक्रार एवढीच, की हे धरून ठेवणे बहुतेकदा चुकीच्या वेळी आणि चुकीच्या माणसावर निघते. संघ जिंकत असताना तोच मगरीचा पोशाख 'धाडसी' ठरला असता. पराभव झाला की रंग दिसतो, करारातली पाच कोटींची ओळ दिसत नाही. दहा वर्षांचा करार जाहीर होतो त्या दिवशी टाळ्या वाजवणारेच ऑक्टोबरमध्ये 'एवढे पैसे?' म्हणून डोक्याला हात लावतात. जर्सीबद्दल चाहते जेवढे चोखंदळ आहेत, त्याच्या निम्म्याने करारांबद्दल झाले, तर विद्यापीठांच्या विश्वस्तांना घाम फुटेल.

आपल्या मुलांचा यात काय संबंध?

पुणे, मुंबई, नागपूरहून दर वर्षी मोठ्या संख्येने मुले अमेरिकेतल्या सरकारी विद्यापीठांत पदव्युत्तर शिक्षणाला जातात. पर्ड्यू, टेक्सस ए अँड एम, पेन स्टेट, ओहायो स्टेट ही नावे आपल्या घरांत आता परकी राहिलेली नाहीत. ही सगळी फुटबॉलवेडी विद्यापीठे. खेळाचे नियम ठाऊक नसलेला मुलगाही पहिली थंडी पडताच विद्यापीठाच्या रंगाचे हुडी घेतो आणि त्याचा फोटो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येतो. पेन स्टेटमध्ये एका खास सामन्याला सगळे मैदान पांढरे कपडे घालून येते. २००४ मध्ये विद्यार्थ्यांच्या स्टँडपुरते सुरू झालेले हे 'व्हाइटआउट' २००७ पासून पूर्ण मैदानाचे झाले. लाखभर लोकांत उभे राहून आपणही इथले आहोत, असे पहिल्यांदा वाटते ते अनेकांना त्याच रात्री. परदेशात गेलेल्या मुलासाठी ही गोष्ट छोटी नाही.

पण शैक्षणिक कर्ज काढून मुलांना पाठवणाऱ्या आई-वडिलांनी एक गोष्ट पाहून ठेवावी. फुटबॉल विभाग स्वतःच्या कमाईवर चालतो असे मोठी विद्यापीठे सांगतात, आणि पेन स्टेटही त्यांतलेच. अनेक विद्यापीठांत मात्र प्रत्येक विद्यार्थ्याच्या शुल्कात खेळांसाठी वेगळा आकार लावलेला असतो, मग तो सामना पाहायला जावो न जावो. शुल्काच्या पावतीत तो कुठल्या नावाने आहे, ते मुलाला विचारा.

पेन स्टेटचा पुढचा हंगाम सहा विजय-सहा पराभवांच्या सावलीतून निघेल. हंगामाअखेरच्या पिनस्ट्राइप बाउलमध्ये क्लेमसनला हरवून त्यांनी सातवा विजय मिळवला, तेवढाच दिलासा. आयोवा स्टेटहून मॅट कॅम्पबेल हे नवे प्रशिक्षक आले आहेत. नवी कंपनी येते आहे. पहिल्या सामन्याला संघ बाहेर येईल तेव्हा बीव्हर स्टेडियममधले लाखभर डोळे आधी क्वार्टरबॅककडे नाही, बाहीकडे बघतील.